कांदा, राजमा आणि सेहेचाळीस

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमाराला आपल्या घराघरांत सायन्स फेअरचं वारं शिरतं. ज्वालामुखी करून झालेला असतो, बटाट्यावर दिवा लावून झालेला असतो, आता पुढे काय असा प्रश्न पडला की कोणीतरी कांद्याचं नाव काढतं. कांद्याच्या मुळात पेशींचं विभाजन दिसतं हे इथल्या शाळेच्या पुस्तकात असतंच. आपल्यापैकी ज्यांनी महाराष्ट्रात अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं, त्यांच्या जर्नलमध्ये तर ते चार वर्तुळांच्या रूपाने कायमचं कोरलेलं आहे : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. इंग्रजी माध्यमवाल्यांसाठी प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज. गंमत अशी, की ती चार चित्रं मायक्रोस्कोपमध्ये बघून काढणारे विद्यार्थी वर्गात दोन-तीनच असायचे. बाकीच्यांची चित्रं पुस्तकातून किंवा पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीच्या जर्नलमधून यायची. जे दिसायला हवं ते आधीच ठाऊक असलं की बघण्याची गरज उरत नाही. हा रोग फक्त आपल्या कॉलेजातल्या पोरांना नव्हता. मोठमोठ्या संशोधकांना तो जडला होता आणि तेहेतीस वर्षं उतरला नव्हता. ती हकीकत पुढे येईलच. आधी कांदा.

कांदा निवडताना एक काळजी घ्यायची. इथल्या ग्रोसरीतल्या पुष्कळशा कांद्यांवर, साठवणीत मोड येऊ नयेत म्हणून, शेतात असतानाच मॅलेइक हायड्राझाइड नावाचं द्रव्य फवारलेलं असतं. हे द्रव्य नेमकं पेशींचं विभाजनच रोखतं. म्हणजे असा कांदा पाण्यावर ठेवून आठ दिवस वाट बघणं हे पाहुणे परत गेल्यावर रांगोळी घालण्यासारखं आहे. त्यापेक्षा नर्सरीत लावणीसाठी मिळणारे छोटे कांदे आणावेत, नाहीतर सरळ लसणाची पाकळी घ्यावी. लसणाची गुणसूत्रंही कांद्याइतकीच, सोळा, आणि तितकीच ठसठशीत. कांद्याच्या बुडाची सुकलेली मुळं अलगद खरवडून काढायची, चार टूथपिक खोचून तो ग्लासाच्या तोंडावर असा टेकवायचा की फक्त बूड पाण्याला लागेल. दोन ते चार दिवसांत पांढरीशुभ्र मुळं खाली उतरतात. त्यांतलं शेवटचं दोन-तीन मिलिमीटरचं टोक तेवढं आपल्या कामाचं. विभाजन चालतं ते तिथेच, मुळाच्या टोपीच्या लगेच मागे. वरचं सगळं मूळ लांब होत असतं ते पेशी ताणल्या गेल्यामुळे.

ही टोकं कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल अशा मिश्रणात टाकतात, मग कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं ठेवून मऊ करतात. (हा भाग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली. आईच्या स्वयंपाकघरात नव्हे.) त्यानंतर रंग. रंगाशिवाय काहीच दिसत नाही, कारण पेशी जवळजवळ पारदर्शक असते. आम्ही वापरायचो तो ऑर्सिन. मूळचा ऑर्सिन लायकेनपासून मिळतो. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच, म्हणजे रंगाची आणि मसाल्याची भाऊबंदकी आहे. रंग चढला की काचपट्टीवर टोक ठेवायचं, वर पातळ कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने दाब द्यायचा. सरळ खाली. अंगठा केसभर जरी बाजूला सरकला तरी पेशी पोळपाटावरच्या पिठाच्या वळ्यांसारख्या गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया. या एका अंगठ्याच्या दाबात किती कौशल्य आहे ते प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. 'जमलं' असं पहिल्या दिवशी म्हणणारा मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. आधी शंभरपट, मग चारशेपट. पहिल्या क्षणी निराशा होते. विटांच्या भिंतीसारख्या रांगाच रांगा, प्रत्येक विटेत एक गोल, रवाळ, जांभळट ठिपका. तो केंद्रक. विभाजन कुठे आहे? धीर धरून स्लाइड हळूहळू सरकवत गेलं की एका विटेत तो गोल ठिपका लोकरीच्या गुंत्यासारखा दिसतो. पुढे कुठेतरी धागे आखूड, जाड होऊन विटेच्या मधोमध रांगेत उभे. आणखी कुठे त्याच धाग्यांचे दोन घोळके, एकमेकांकडे पाठ फिरवून दोन टोकांना निघालेले. प्रत्येक धागा मध्यावर धरून ओढल्यासारखा वाकलेला, शेपट्या मागे लोंबत्या. आणि कुठे दोन गडद पुंजके आणि त्यांच्या मधे नुकतीच उमटू लागलेली एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे नवी भिंत. एका घराची दोन घरं झाली.

पण एक लक्षात ठेवायला हवं. यातलं काहीही हलत नाही. अल्कोहोलमध्ये पडल्या क्षणी ती पेशी मेलेली असते. आपण लहानपणी 'स्टॅच्यू' खेळायचो तसं कोणीतरी 'स्टॅच्यू!' म्हणालं आहे आणि जी जिथे होती तिथे थांबली आहे. आपण बघतो ते हजारो थांबलेले क्षण. त्यांतून हालचाल आपणच मनात जुळवतो.

यातून एक फार सुंदर हिशोब निघतो, आणि मुलांच्या प्रोजेक्टसाठी तो चित्रांपेक्षा मोलाचा आहे. समजा शंभर लग्नांच्या हॉलमध्ये दिवसभरात कधीही, न ठरवता, एकेक फोटो काढला. बहुतेक फोटोंत काय येईल? गप्पा मारणारी मंडळी, पंगती, साड्यांची चर्चा. अंतरपाट दूर होण्याचा क्षण एखाद्याच फोटोत सापडेल, कदाचित एकाही नाही. कारण तो क्षणभरच टिकतो. पेशींचंही तसंच. शंभर पेशी मोजल्या तर साधारण आठ-दहाच विभाजनात सापडतात. त्यांतही गुंत्याच्या अवस्थेतल्या, म्हणजे पूर्वावस्थेतल्या, सर्वांत जास्त, आणि दोन घोळके ओढले जाण्याच्या अवस्थेतल्या अगदी थोड्या. ज्या अवस्थेच्या पेशी जास्त, ती अवस्था जास्त वेळ चालते. घड्याळ न लावता, मेलेल्या पेशी नुसत्या मोजून काळ काढता येतो! पाचशे पेशी मोजायला एक अख्खी दुपार जाते, पण ज्या मुलाने त्या मोजल्या त्याला परीक्षकासमोर पाठ केलेलं भाषण लागत नाही.

हे थांबलेले क्षण ओळीने लावले कोणी? जर्मनीत कील इथे असलेल्या वॉल्टर फ्लेमिंग यांनी. (पेनिसिलिनवाले फ्लेमिंग वेगळे, ते पुढचे आणि स्कॉटलंडचे.) त्यांनी सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याची पिल्लं निवडली, कारण त्यांच्या पेशी मोठ्या, आणि शेपटीचा पडदा इतका पातळ की जिवंत पिल्लाच्या शेपटीतही विभाजन बघता येतं. फ्लेमिंग यांचं वेगळेपण इथेच आहे. एकीकडे त्यांनी रंगवलेल्या मृत पेशींची चित्रं काढली आणि दुसरीकडे तोच क्रम जिवंत पेशीत डोळ्यांनी पडताळून पाहिला. धागे उभे चिरले जातात, आडवे तुटत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. १८८२ साली त्यांचं पुस्तक आलं. ग्रीक भाषेतल्या 'धागा' या शब्दावरून त्यांनी या क्रियेला मायटोसिस नाव दिलं. आपल्याकडे त्याचं 'सूत्री विभाजन' झालं, आणि भाषांतर म्हणून ते अगदी चोख आहे. 'क्रोमोसोम' हा शब्द मात्र त्यांचा नव्हे, तो वाल्डेयर यांनी १८८८ मध्ये दिला. हे धागे कशासाठी आहेत याचा पत्ता फ्लेमिंगना नव्हता. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ सालीच छापून झाला होता, पण तो कोणी वाचत नव्हतं. त्या दोन गोष्टींची गाठ १९०० नंतर पडली.

मेलेल्या पेशीवर किती विश्वास ठेवायचा हा वाद पुढे पुष्कळ वर्षं चालला. गुणसूत्रांना दोन टोकांकडे नेणारे जे बारीक तंतू स्लाइडवर दिसतात, आपल्या पुस्तकांतले तुर्कतंतू, ते खरोखर असतात की आम्लाने गोठल्यामुळे पडलेल्या त्या सुरकुत्या आहेत? दुधावरची साय बघून दुधात साय असते म्हणण्यासारखा तो पेच होता. जपानमधून अमेरिकेत आलेल्या शिन्या इनोए यांनी ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप स्वतः सुधारून १९५३ साली हे तंतू जिवंत पेशीत, काम करत असताना दाखवले. वाद मिटला.

मोजण्याचा वाद मात्र अजून मिटायचा होता. कांद्याची सोळा गुणसूत्रं मोजणं हेसुद्धा सोपं नाही. ती एकमेकांवर पडलेली असतात, एक संपतं कुठे आणि दुसरं सुरू होतं कुठे ते कळत नाही, एखादं शेजारच्या पेशीतून घुसलेलं असतं. तरी कांद्याची गुणसूत्रं लांब आणि थोडी आहेत. माणसाची आखूड आणि पुष्कळ. त्यातून जुन्या काळी मांसाचे पातळ काप काढून त्यात मोजत. काप पेशीच्या मधूनच गेला तर काही गुणसूत्रं या कापात, काही पुढच्यात. कोथिंबिरीची जुडी सुरीने कापून मग काड्या मोजा म्हटल्यावर जे होईल ते. १९१२ साली फोन विनिवार्टर यांनी पुरुषांत ४७ आणि स्त्रियांत ४८ मोजली. टेक्सास विद्यापीठाचे थिऑफिलस पेंटर यांनी १९२१ साली लिहिलं, की सर्वांत स्पष्ट पेशींत आपल्याला ४६ दिसतात. पण मन डळमळत होतं. १९२३ साली त्यांनी ४८ वर शिक्कामोर्तब केलं.

झालं. पाठ्यपुस्तकांत ४८ छापलं गेलं. (४८ हा आकडा चिंपांझीचा आहे, आणि बटाट्याचाही.) त्यानंतर ज्याने ज्याने मोजलं त्याला ४८ सापडू लागली. नाही सापडली तर आपलीच स्लाइड खराब. १९५० च्या आसपास गॅल्व्हेस्टनला टी. सी. श्यू नावाचे चिनी संशोधक होते. त्यांच्या प्रयोगशाळेत एकदा पेशी धुण्याच्या द्रावणात मीठ कमी पडलं. कोणाकडून ते शेवटपर्यंत कळलं नाही. मीठ कमी म्हणून पाणी आत शिरलं, पेशी साबुदाण्यासारख्या टपोऱ्या फुगल्या, आणि आतली गुणसूत्रं कधी नव्हे ती सुटी सुटी पसरली. माणसाची गुणसूत्रं इतकी स्वच्छ त्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिली असतील. त्यावर १९५२ साली श्यू यांनी निबंध लिहिला आणि आकडा दिला ४८! पुढे ही हकीकत त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवली, हा त्यांचा मोठेपणा. स्वीडनमधल्या लुंड इथे आणखी एका गटाने मानवी गर्भाच्या यकृतातल्या पेशी मोजायला घेतल्या. त्यांना पुन्हा पुन्हा ४६ च दिसू लागली. दोन हरवलेली सापडेनात म्हणून त्यांनी काम तात्पुरतं बाजूला ठेवलं. हातात खरं उत्तर होतं, आणि ते त्यांनी स्वतःची चूक समजून खाली ठेवलं.

तिथेच लुंडला आल्बर्ट लेव्हान होते. हा मनुष्य मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि त्यांची हयात गेली होती कांद्याच्या मुळांत. वेगवेगळ्या रसायनांचा कांद्याच्या मुळातल्या पेशींवर काय परिणाम होतो हे तपासायची त्यांनी १९३८ साली घालून दिलेली पद्धत आजही पाण्यातलं विष तपासायला वापरतात. विशेषतः कोल्चिसिन या द्रव्यावर त्यांनी फार काम केलं होतं. कोल्चिसिन तुर्कतंतू बनूच देत नाही. त्यामुळे गुणसूत्रं आखडून जाडजूड होईपर्यंत सगळं सुरळीत होतं, आणि मग त्यांना ओढून नेणारं कोणी नसतं. ती तिथेच तिष्ठत राहतात, मोजून घ्या म्हणून. मूळ द्रव्य युरोपातल्या कोल्चिकम या फुलझाडाच्या कंदातून मिळतं. पण आपल्याला त्यासाठी युरोपात जायला नको. पावसाळ्यात सह्याद्रीत, कोकणात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आठवते का? तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन आहे. जहाल विष. बाळंतिणीच्या कळांसाठी जुन्या काळी तिचा उपयोग करत म्हणून तिचं नाव कळलावी.

लेव्हान यांच्याकडे सुट्टीत काम करायला येत ते ज्यो हिन त्जियो. जन्म जावा बेटावरचा, घरचं मूळ चिनी, शिक्षण शेतकीचं, संशोधन बटाट्याच्या वाणांवर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या तुरुंगात छळ सोसलेला. पुढे स्पेनमध्ये नोकरी आणि मधूनमधून स्वीडनची वारी. म्हणजे हेही आपल्यासारखेच, गाव सोडून निघालेले. त्यांनी मानवी गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवल्या, त्यांना कोल्चिसिन दिलं, श्यू यांच्या कमी मिठाच्या पाण्यात फुगवल्या, आणि मग काप न काढता कांद्याच्या मुळासारख्या अंगठ्याने दाबल्या. २२ डिसेंबर १९५५. मायक्रोस्कोपखाली ४६ होती. दुसऱ्या पेशीत ४६. तिसऱ्या पेशीतही. दोनशेहून अधिक पेशी त्यांनी मोजल्या आणि १९५६ च्या सुरुवातीला निबंध प्रसिद्ध झाला. शेजारच्या गटाला आधी ४६ दिसली होती, हेही त्यांनी त्यात नोंदवलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फोर्ड आणि हॅमर्टन यांनी वेगळ्या पेशींत मोजून दुजोरा दिला. त्जियो पुढे अमेरिकेत आले आणि बेथेस्डाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये त्यांनी उरलेली नोकरी केली. २००१ साली ते वारले.

माझं मत विचाराल तर माणसाचा आकडा दोघा वनस्पतिवाल्यांनी बरोबर काढावा हा योगायोग नाही. डॉक्टरांच्या पुस्तकातला ४८ त्यांच्या मनावर तितका कोरलेला नव्हता, आणि हात कांद्यावर बसलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, ४६ काय नि ४८ काय, आपलं काय अडलं होतं? अडलं होतं. जोपर्यंत खरा आकडा ठाऊक नाही तोपर्यंत एक जास्त आहे की कमी हे कळणार कसं? आकडा ठरल्यावर तीनच वर्षांत, १९५९ साली, पॅरिसमध्ये लेज्यून, मार्थ गोतिए आणि तुर्पें यांनी दाखवलं, की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रं असतात. सर्वांत छोट्यांपैकी एक, ज्याला आता २१ क्रमांक आहे, ते दोनाऐवजी तीन. पेशी वाढवायचं कष्टाचं काम गोतिए बाईंचं होतं, आणि श्रेय देताना त्यांचं नाव मागे राहिलं, ही तक्रार पुढे पन्नास वर्षांनीही निघत होती.

पाठोपाठ १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली, आणि इथे राजमा येतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी बाटलीत विभाजित होत नाहीत. तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढायला तेव्हा राजम्यापासून काढलेलं एक प्रथिन वापरत. नॉवेल यांच्या लक्षात आलं, की त्या प्रथिनामुळेच पांढऱ्या पेशी जाग्या होऊन विभाजनाला लागतात. (नीट न शिजलेल्या राजम्याने पोट बिघडतं ते याच प्रथिनामुळे. म्हणून राजमा खदखदून उकळायचा.) तेव्हापासून दंडातलं चमचाभर रक्त पुरतं. तीन दिवस बाटलीत ठेवा, कोल्चिसिनच्याच जातीचं औषध घालून थांबवा, कमी मिठाच्या पाण्यात फुगवा, स्लाइडवर थेंब टाका, मोजा. आजही गुणसूत्रांची तपासणी मुळात अशीच होते. नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना त्याच वर्षी रक्ताच्या एका कर्करोगात नेहमी एक तोकडं गुणसूत्र दिसलं. त्याचा धागा धरत धरत २००१ साली ग्लीव्हेक हे औषध आलं आणि तो रोग आटोक्यात ठेवता येऊ लागला.

पण मला लिहायचं आहे ते ४७ बद्दल. कारण आपल्या घरांतून या आकड्याभोवती अजून जे बोललं जातं ते ऐकलं की वाटतं, मायक्रोस्कोप अजून आपल्या माजघरापर्यंत पोचलेला नाही. डाउन सिंड्रोम असलेलं मूल जन्माला आलं की फोनवरून, कुजबुजत, पहिला प्रश्न येतो, 'कोणाच्या बाजूने आलं?' मग तिने ग्रहणात विळी हातात घेतली होती, डोहाळे पुरवले नाहीत, नोकरीची दगदग केली, सहाव्या महिन्यात विमानप्रवास केला. यातल्या कशानेही २१ वं गुणसूत्र दोनाचं तीन होत नाही. ते होतं गर्भ राहण्याच्या आधी किंवा त्या सुमाराला, एका विभाजनात. बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी सुटायला हवी ती सुटत नाही, आणि दोन्ही एकाच घरात जातात.

स्त्रीबीजाचं हे विभाजन मोठं विलक्षण असतं. ते सुरू होतं ती मुलगी स्वतः आईच्या पोटात असताना, आणि अर्ध्यावर थांबतं. पुन्हा तोच स्टॅच्यू, फक्त या वेळी पेशी जिवंत आहे. ते बीज पुढे सरकतं ती मुलगी वयात आल्यावर, एकेका महिन्याला एखादं. म्हणजे ज्या बीजापासून तुम्ही झालात ते तुमच्या आईच्या अंगात तिच्या जन्माआधीच तयार होतं. आजीच्या डोहाळजेवणाला तिच्या पोटात लेक होती आणि लेकीच्या पोटात नातीची अर्धवट थांबलेली पेशी. तीन पिढ्या एकाच पाटावर! पस्तिशीतल्या बाईच्या बीजाने तो थांबा पस्तीस वर्षं सांभाळलेला असतो. गुणसूत्रांना बांधून ठेवणारी प्रथिनांची कडी तेवढ्या काळात झिजत जाते असं आता पुष्कळ पुराव्यांवरून दिसतं. म्हणून आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते : विशीच्या सुरुवातीला साधारण दीड हजारात एक, पस्तिसाव्या वर्षी सुमारे साडेतीनशेत एक, चाळिशीला सुमारे शंभरात एक. या हिशोबात ग्रहण कुठेच येत नाही. थोड्या, शेकडा तीन-चार मुलांत, जादा २१ दुसऱ्या गुणसूत्राला चिकटून आलेलं असतं. तसं असेल तर ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं आणि दोघांचं रक्त तपासावं लागतं. तेव्हाही तो कोणाचा गुन्हा नसतो.

हेच बघण्याचं तंत्र वाईट हातांत पडलं की काय होतं हेही आपल्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं मोजायची पद्धत १९६० च्या दशकात आली ती रोगनिदानासाठी. मोजताना एक्स आणि वाय दिसतातच, आणि ऐंशीच्या दशकात मुंबईत आणि इतरत्र तेवढंच बघून मुलीचे गर्भ पाडणारे दवाखाने उघडले. स्त्रियांच्या संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते यांनी लढा दिला आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. वाय गुणसूत्र बापाकडूनच येतं, हे नववीच्या पुस्तकातलं ज्ञान असलेल्या घरांतूनही मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावला जात होता, आणि अजून लावला जातो. आपली इकडची घरंही त्यातून सगळीच्या सगळी सुटलेली नाहीत.

आता आईच्या नुसत्या रक्तातल्या डीएनएच्या तुकड्यांवरूनही गर्भाबद्दल अंदाज बांधता येतो. ही चाचणी २०११ पासून मिळू लागली. पण तो अंदाज आहे. शंका निघाली तर खात्रीसाठी पुन्हा गर्भाच्या पेशींकडेच जावं लागतं. पूर्वी फोटो काढून, गुणसूत्रं कात्रीने कापून, मोठ्यापासून छोट्यापर्यंत जोड्या कागदावर चिकटवत असत. आज कॉम्प्युटर त्या जोड्या स्वतः लावतो आणि बहुतेक वेळा बरोबर लावतो. तरी रिपोर्टवर सही करण्याआधी माणसाने बघायचं असतं, आणि नेहमीच्या तपासणीत एका माणसाच्या वीस पेशी मोजायच्या असतात. पहिल्या दहांत ४६ आली म्हणून थांबता येत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही थोड्या मुलांत काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या, अशी सरमिसळ असते, आणि ती एखादी ४७ ची पेशी अकराव्या नंबरावर असू शकते, तशीच विसाव्यावरही.